डोमाजी पाटलाची बुडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे बापा. तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे बांधावरचं, हे मोहाचं झाड आज म्हातारं होऊन पोकळ झालंय, तेव्हा ते गुडघ्याएवढं होतं म्हणतात. त्या काळी जांभूळपारात डोमाजी पाटील होता. पाच पंचांतला पहिला पंच. उंचापुरा, दिलदार आणि नावाचा भुकेला. वाईट माणूस नव्हता हो, आधीच सांगून ठेवतो. वाईट असता तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

जांभूळपारचं सगळं काही तलावावर. प्यायला तेच पाणी, धानाला तेच, ढिवरांच्या मासळीला तेच. म्हणून गावाची एक रीत होती. धान घरात आलं की दर घरानं टोपलंभर धान तलावाच्या कोठीत टाकायचं, आणि ती कोठी पंचांनी सांभाळायची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्या धानावर माणसं जेवत, तलावातला गाळ काढत, पाट मोकळा करत. पाळीच्या पलीकडे एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, होती, तीही उपसत. कारण अंबाडीचे दोर वळायचे तर अंबाडी आधी पाण्यात कुजवावी लागते, आणि ते पाणी असं घाण होतं की त्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. म्हणून अंबाडी बोडीत आणि प्यायचं पाणी तलावात. कोठीतल्या धानाला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही, असा गावाचा कायदा होता.

आता डोमाजीच्या डोक्यात काय यावं? दिवाळीनंतर आपल्याकडे मंडईची जत्रा भरते, गावोगावचे पाहुणे येतात, रात्रभर दंडारीचं नाटक रंगतं. त्या साली शेजारच्या गावानं मंडईला आलेल्या सगळ्यांना जेवू घातलं. डोमाजीला ते असं झोंबलं की त्याला अन्न गोड लागेना. त्यानं पंचांना बोलावलं. तलावाच्या तळातला खडा वरून दिसतो, मग एक साल गाळ नाही काढला तर काय बिघडतं, असं तो म्हणाला. पंचांनी माना डोलावल्या, कोठी उघडली, आणि मंडई अशी दणक्यात झाली की चार गावांत डोमाजीचं नाव गाजलं. पुढच्या साली तेच, त्याच्या पुढच्या साली तेच. गाव जेवलं, ढेकर दिली, आणि एका माणसानं विचारलं नाही की हे धान कशाचं. विचारणार कोण? सगळ्यांचीच बोटं तुपात होती.

इकडे बोडी गाळानं बुजली. अंबाडी भिजवायची कुठं? एकानं तलावाच्या कोपऱ्यात हळूच एक भारा टाकला. एवढ्या मोठ्या तलावाला एका भाऱ्यानं काय होतंय, असं त्याला वाटलं. तसं मग प्रत्येकाला वाटलं.

आणि तो उन्हाळा आला. एका सकाळी भुराबाई ढिवरीण जाळं घेऊन तलावावर गेली आणि पाळीवरच मटकन बसली. भुराबाई म्हणजे गावातली सगळ्यात जुनी म्हातारी, डोमाजीला तिनं उघडा खेळताना पाहिलेलं. तिचा आवाज ऐकून गाव धावलं. पाणी काळं पडलं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत मासे पोट वर करून तरंगत होते, आणि वास असा की नाकाला पदर लावूनही काठाला उभं राहवत नव्हतं. काल याच पाण्यानं डोमाजीनं चूळ भरली होती.

तरी शहाणपण आलं म्हणता? छे! पंच म्हणाले, तलावाची आई कोपली, तिला जेवण घाला. झालं! कोठीत उरलंसुरलं धान कांडलं, भाताच्या राशी शिजल्या, आणि डोमाजीनं हात जोडून टोपल्यांवर टोपल्या भात त्या पाण्यात सोडला. आधी कुजलेली अंबाडी, वरून कुजायला भात. माझ्या अंगावर अजून काटा येतो. पाण्यावर फेस धरला, आणि घराघरांत जुलाब-वांत्या सुरू झाल्या.

डोमाजीची एकुलती एक लेक फुलवंता तेव्हा बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगी झाली होती, पाटलानं गावभर गूळ वाटला होता. पाणी उकळून प्यावं हे तेव्हा कुणाला ठाऊक? फुलवंतानं अंथरूण धरलं. बाप उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होता, आणि पाजलेलं पाणीच तिला खात होतं. सांज व्हायच्या आत फुलवंता गेली.

दहन झालं. परतताना तलावात आंघोळ करून मग घरी जायचं, ही रीत. सगळे पाळीवर आले आणि थांबले. कुणी पुढं होईना. ज्या पाण्यात त्यांचे बाप-आजे प्रेतं जाळून आल्यावर शुद्ध व्हायचे, त्या पाण्यात पाय बुडवायला एक माणूस तयार नव्हता. डोमाजी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तो एकटा उतरला, बुडी मारली आणि वर आला तो डोक्यापासून काळा. बायाबापड्या किंचाळल्या.

भुराबाई काठाला आली. ती रागावली नव्हती, तेच सगळ्यांना जड गेलं. ती म्हणाली, "डोमा, तलावानं जेवण कधी मागितलं होतं रे? जेवायचं होतं गाळ काढणाऱ्यांनी."

डोमाजीनं एवढंच विचारलं, "माय, फुलवंताच्या पोरीला आता कोणतं पाणी पाजू?"

डोमाजी मग बाहेर आलाच नाही. वाकला, दोन्ही हातांनी गाळ उचलला आणि काठावर टाकला. पाटील गाळ उपसतो आहे, हे बघून लोक काठाशी गोळा झाले. त्यानं तिथूनच सांगितलं की माझ्या घरचं सगळं धान काढा, जो टोपलं उचलेल त्याला जेवू घाला. भुराबाईनं चूल मांडली. पंच खाली मान घालून उतरले, मग गाव उतरलं. तान्ह्या पोरीसाठी दूरच्या गावाहून कावडीनं पाणी येत राहिलं. काळं पाणी उपसून फेकलं, अंबाडीचे सडके भारे ओढून काढले, बोडी पुन्हा खोदली. डोमाजीला डोक्यावरच्या टोपल्याचं वजनच लागत नव्हतं, असं म्हणतात. त्यानं टाकलेल्या गाळाची टेकडी झाली, ती आजही तिथं आहे.

आषाढात पाट भरून आला. नवं पाणी तलावात शिरलं, तेव्हा डोमाजी सगळ्यात खोल जागी उभा होता. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. लोक हाका मारून थकले. तो खालून टोपलं देत होता, वरचा घेत होता. मग पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं. आणि त्यानंतरही एक टोपलं वर आलं, गाळानं भरलेलं, खाली हात कुणाला दिसला नाही, असं म्हणतात. पाणी निवळल्यावर ढिवरांनी तळ धुंडाळला. खडे दिसले, शिंपले दिसले, डोमाजी दिसला नाही. त्याची नात मात्र तेच पाणी पिऊन मोठी झाली.

आता तिथं ग्रामपंचायत आहे. धानाची कोठी गेली, अंदाजपत्रक आलं. पण गावात कुणी वारलं की दहनानंतर तलावात पहिली बुडी सरपंचाची, मग तो पुरुष असो की बाई. बुडी मारून सरपंचानं मोठ्यानं म्हणायचं, "डोमाजी, पाणी चांगलं आहे." त्यानंतर बाकीच्यांनी उतरायचं.

एका साली एका सरपंचानं तलावाच्या सफाईचा निधी गावाच्या कमानीकडे वळवला. कमान झाली मोठी देखणी. पुढं वैशाखात त्याचीच आई वारली. दहन करून सगळे पाळीवर आले. सरपंच उतरला, बुडी मारली, वर आला, तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून ते शब्द निघेनात. गळ्याइतक्या हिरव्या पाण्यात तो तसाच उभा राहिला. काठावर सगळं गाव उभं होतं, आणि त्याला बाहेर ये असं कुणी म्हणालं नाही.