उदग्राचे शापोदक

कृतयुग सरत आले होते, तेव्हा वेणुमतीच्या तीरावर, तमालवृक्षांच्या दाट छायेत महर्षी ऊर्ध्वकेशांचा आश्रम होता. त्यांच्या द्वादशवार्षिक सत्राचे, म्हणजे बारा वर्षे चालणाऱ्या यज्ञाचे, ते अखेरचे वर्ष. त्याच वर्षी उदग्राने धगधगत्या यज्ञकुंडात पाणी ओतून अग्नी दोनदा विझवला होता.

हा सोळा वर्षांचा उदग्र ऋषिपत्नी धृतिमतीने तीन वर्षांपूर्वी जळालेल्या एका वस्तीतून उचलून आणला होता. तो शिष्यांवर दगड भिरकावी, आचार्यांना उलट उत्तरे देई. शिष्य त्याला राक्षसबीज म्हणत. एवढ्या वेदवेत्त्यांपैकी एकानेही त्याला 'का रे?' असे विचारले नाही, हे सांगताना मला लाज वाटते.

त्या दिवशी मध्यान्ही वारा फिरला, ज्वाळा बटूंच्या पर्णकुटींकडे झुकल्या आणि उदग्राने तिसऱ्यांदा घागर रिकामी केली. महर्षींचे नेत्र आरक्त झाले. त्यांनी ओंजळीत शापोदक घेतले. लेकरू आता हातचे जाणार, हे धृतिमतीने ओळखले.

"दुरात्म्या! तुझे अंतःकरण आजन्म जळत राहो!"

उदग्र खदखदून हसला. "ते तर जळतेच आहे, मुनिवर. दुसरे काही द्या."

शापोदक अजून महर्षींच्या ओंजळीतच होते. धृतिमतीने धावत येऊन मुलाचे दोन्ही हात धरले. त्याने तिला हिसडा दिला, नखांनी ओरबाडले. तिने हात सोडले नाहीत.

"वत्सा, मीही आजवर विचारले नाही, अपराधी आहे मी. वारा कुटींकडे वळला की तिन्ही वेळा तू धावलास. का रे?"

"माझे तातही अग्निहोत्रीच होते," तो ओरडला. "त्यांच्याच कुंडातली ठिणगी छपरावर गेली. आत आई होती, धाकटी बहीण होती. तात म्हणाले, आहुती पुरी होऊ दे!" आणि तो आडदांड पोर धृतिमतीच्या पायाशी कोसळून हमसाहमशी रडू लागला.

महर्षींचे मस्तक खाली झुकले. पण उच्चारलेला शाप मागे घेता येत नाही आणि शापोदक कमंडलूत परत जात नाही. "स्वामी, ते कुंडाभोवती सोडा," धृतिमती हात जोडून म्हणाली. "निदान अग्नी तरी याच्या घरात शिरणार नाही."

महर्षींनी कुंडाभोवती जलरेषा ओढली. त्या शापाने सत्र भंगले, बारा वर्षांचे तप वाया गेले. उदग्राचे अंतःकरण अखेरपर्यंत जळत राहिले. वारा सुटला की तो अंगावर धावून येई, आणि धृतिमती त्याचे हात धरून बसे.

त्या आश्रमाच्या परंपरेत मात्र तेव्हापासून आधी पाण्याची रेषा आणि मग आहुती, असा नेम पडला. आणि मध्येच वाऱ्याने दिशा बदलली, तर यज्ञ करणारा आहुतीचा हात आवरून मागे वळतो आणि विचारतो, "कोणाला भय वाटते आहे का?"