आडवा राहिलेला हेकरू

पूर्वी अपरान्तात समुद्रकाठच्या एका नगरावर भोगसेन नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व हेकरू माशाच्या योनीत जन्मला होता. खडकांच्या सावलीत राहणारा, मोठ्या अंगाचा, संथ मासा. एके दिवशी तो कोळ्यांच्या जाळ्यात सापडला. त्याचा आकार पाहून कोळ्यांनी त्याला बाजारात न नेता जिवंतच राजवाड्यावर पोहोचवले, कारण राजाने किनाऱ्याच्या कातळात खाऱ्या पाण्याचे एक कुंड खोदवून घेतले होते. भरतीचे पाणी दगडी जाळीतून आत येई आणि ओहोटीला बाहेर जाई. मासे मात्र आतच राहत.

कुंडात तेव्हा तांब जातीचा एक मोठा मासा होता. अंगाने तांबडा, जबड्याने मजबूत. बाकी सगळी बोटभर लांबीची पिवळी मासळी, एका कपारीत दाटीवाटीने राहणारी. भद्रक नावाचा कुंडरक्षक रोज टोपलीभर कोळंबी पाण्यात टाकी. ती सर्वांना पुरून उरत असे. तरीही तांब पिवळ्या माशांच्या मागे लागे आणि तोंडात सापडेल त्याला गिळून टाकी.

त्या माशांत पिंगला नावाची एक मादी होती. तिची सगळी पिल्ले तांबाने खाल्ली होती. ती बोधिसत्त्वाकडे आली आणि म्हणाली, “दादा, तुम्ही त्याच्याएवढे मोठे आहात. आम्हाला वाचवा.”

बोधिसत्त्व तांबाकडे गेला. “तुला रोज पोटभर मिळते. मग यांना का खातोस?”

“पोटासाठी कोण खातो?” तांब म्हणाला. “मी नुसता वळलो तरी ती सैरावैरा पळतात. ते पाहायला मला बरे वाटते.”

त्या दिवसापासून बोधिसत्त्व कपारीच्या तोंडाशी आडवा राहू लागला. तांब त्याच्या अंगावर धावून येई, त्याचे पर फाडी. बोधिसत्त्वाने उलटून चावा घेतला नाही आणि जागाही सोडली नाही. पुढच्या वर्षभरात कपारीत नवी पिल्ले झाली, वाढली, आणि कपार अपुरी पडू लागली.

एकदा रागाच्या भरात तांबाची झडप चुकली. तो दगडी जाळीवर आदळला. एक डोळा फुटला, शेपटी मुळापासून चिरली. तो कडेला जाऊन कलंडून राहिला. थोड्या वेळाने एक पिवळा मासा भीत भीत जवळ गेला, त्याने शेपटीचा लचका तोडला आणि पळ काढला. तांबाला वळता आले नाही. हे पाहून दुसरा गेला. संध्याकाळ व्हायच्या आत सगळी कपार रिकामी झाली होती.

बोधिसत्त्व आता तांबापुढे आडवा झाला.

“बाजूला व्हा, दादा,” पिंगला म्हणाली. “माझ्या पिल्लांना याने कधी सोडले होते का?”

“नव्हते सोडले. म्हणून मी तुमच्या दाराशी उभा राहिलो. आज याच्या दाराशी उभा आहे.”

“मोठा शेवटी मोठ्याचाच!” घोळक्यातून कुणीतरी ओरडले.

मग ते सगळे बोधिसत्त्वावरच तुटून पडले. त्याने जबडा उघडला असता तर एका घोटात दहाजण आत गेले असते. त्याने तोंड मिटून घेतले. मागून तांब कण्हत म्हणाला, “मूर्खा, तेव्हा तू मध्ये आला नसतास तर आज यांतला एकही उरला नसता.” बोधिसत्त्व तिथेच आडवा राहिला.

भद्रकाने राजाला सांगितले, “महाराज, थोरल्या माशाचे हाल होत आहेत. जाळी काढू द्या. दोघेही ओहोटीबरोबर समुद्रात जातील.”

राजा कुंडाशी आला आणि पाहून हसू लागला. “बोटभर पोरे हत्तीला लोळवताहेत! जाळी काढायची नाही. हे पाहुण्यांना दाखवले पाहिजे.” दुसऱ्या दिवशी काठावर आसने मांडली गेली.

पौर्णिमेच्या दुपारी उधाण आले आणि पाणी काठावरून वाहू लागले. एका उसळीत बोधिसत्त्व समुद्रात पोहोचला असता. भद्रक काठावर उभा राहून पुटपुटत होता, “जा रे बाबा, जा.” बोधिसत्त्व काठापर्यंत गेला. समुद्राचे गार पाणी त्याच्या जखमांना लागले. त्याला आपला खडक आठवला, त्याखालची सावली आठवली. मग त्याने मागे पाहिले. तांबाला हलता येत नव्हते, आणि पिवळे मासे त्याच्याकडे निघाले होते. बोधिसत्त्व वळला आणि पुन्हा आपल्या जागी येऊन आडवा राहिला. पाणी ओसरले.

त्यानंतर तो फार दिवस जगला नाही. शेवटी त्याचे दोन्ही डोळे गेले होते. पिंगला घोळक्यातच होती. तो मेला त्या दिवशी तिने चावा घेतला नाही. पण ‘थांबा’ असेही ती कुणाला म्हणाली नाही.

हेकरूमागोमाग तांबही संपला. मोठे कुणी उरले नाही, चावण्याची सवय मात्र उरली. पिवळ्या माशांनी आपल्यातले धाकटे हेरले. पाहुण्यांना त्यात मौज वाटेना. राजाने आसने उचलायला लावली आणि तो शिकारीला निघून गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. तेथे उग्रसेन नावाच्या स्थविराने अनेक वर्षे तरुण भिक्षूंना छळले होते. आता तो अंथरुणाला खिळला होता, आणि ते भिक्षू त्याच्या पाण्याचा घडा हात पोहोचणार नाही इतका दूर ठेवीत. शेजारी राहणाऱ्या सीवक नावाच्या भिक्षूला हे दिसत होते. तो स्वतः घडा हलवीत नसे, पण कुणाला अडवीतही नसे.

शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा तांब हा उग्रसेन. ती पिवळी मासळी म्हणजे तुम्ही. पिंगला हा सीवक. राजा म्हणजे तुमची भांडणे पाहायला रोज फाटकाशी येऊन बसणारा तो गृहस्थ, आणि भद्रक म्हणजे याचे हाल थांबवा म्हणून तुमच्यापुढे हात जोडून थकलेला वैद्य. हेकरू मी होतो. त्या जन्मी मी क्षांती पाळली, सगळे सोसले आणि उलटून चावलो नाही. तिने कोणी सुधारले नाही, शेवटी कोणी वाचलेही नाही. तरी क्षांती म्हणतात ती हीच.”

आतून उग्रसेन पाणी मागत होता. सीवक उठला. बाकीचे बसून राहिले.