गिरजाची उलटी गाठ

एका राज्यात अंगठीतून शालू निघे, इतकं तलम कापड विणलं जाई. विणणाऱ्या बाया पुढे कुठे जातात, हे मात्र कुणी विचारलं नाही.

विणकर वस्तीतल्या सावळ्या तुळजाची बहीण गिरजा तीन वर्षांपूर्वी शुभ्रसेन मांत्रिकाच्या मागशाळेत विणायला गेली, ती परतलीच नाही. तिला शोधत तुळजा राजवाड्याच्या महाद्वाराशी आली. तिथं मांत्रिकानं केलेलं बोलकं चित्र टांगलेलं. दुधासारखी गोरी बाई म्हणत होती, "हा शालू नेसा, उजळून निघा." रंग परका, पण हनुवटीवरचा व्रण गिरजाचा. आवाजही तिचाच.

"ही माझी अक्का आहे," तुळजा कशीबशी म्हणाली. येणारेजाणारे हसले. असल्या काळ्या बाईची बहीण चित्रात कशी असेल, म्हणे. काय बोलावं अशा लोकांना?

चौकटीवरची साळुंकी बोलली, "मांत्रिकानं तिचा रंग अन् आवाज काढून घेतला. पुनवेला तिचं सूत होईल. तीन कामं कर. पुढच्या दारानं आत जा. तिची गाठ शोध. ज्याच्या अंगावर असेल, त्याच्यादेखत सोड."

आता गाठ कसली? तर त्या वस्तीत जी ती बाई वस्त्राच्या दशांना, टोकाच्या सुट्या दोऱ्यांना, आपली वेगळी गाठ मारी. गिरजा डावखुरी, तिची गाठ उलटी बसे. मांत्रिकानं त्या गाठी कधी पाहिल्याच नाहीत. काळे हात सगळे सारखेच, असं तो समजे. तिथंच फसला.

पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. "तुमच्या रंगाला मागचं दार."

"आमचं कापड पुढून जातं, मग आम्ही का नाही?"

असं म्हणत ती भाल्याखालून वाकून आत शिरलीसुद्धा. दरबारात तिनं एकेक पदर, एकेक शेला निरखला. उलटी गाठ सापडली ती राजाच्याच उपरण्याला.

"हात लावू नकोस, डाग पडेल," राजाशेजारी बसलेला मांत्रिक म्हणाला.

"महाराज, हे असल्याच हातांनी विणलंय." तुळजानं दातांनी गाठ सोडली.

उपरणं गिरजाच्या आवाजात बोललं, "पाणी. जरा पाणी द्या." एक गाठ सुटली तशा बाकीच्याही सुटत गेल्या; मग राणीचा शालू बोलला, मग सरदारांचे शेले. आवाज वेगवेगळे, मागणं एकच. राजाच्या तोंडचं पाणी पळालं. आपण अंगावर काय मिरवत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

महाद्वारावरचं चित्र कोरं पडलं. चोरलेला रंग गेला तसा मांत्रिकही पुसला गेला, त्याचं स्वतःचं असं काही नव्हतंच. मागशाळेतून सावळ्या बाया पुढच्या दारानं बाहेर आल्या. राजा स्वतः घागर घेऊन उभा होता. गिरजा ओंजळीनं कितीतरी वेळ पीत राहिली.

त्या राज्यात आजही नवं वस्त्र अंगावर घेण्याआधी गाठ हातात धरतात आणि विचारतात, "बाई, पाणी प्यालीस ना?"