चिमीची आई शंभर बिळांत

एक होती मुंगी. तिचं नाव चिमी. तिळाएवढी! रोज आईच्या मागे चालायची. आईच्या वासाची वाट हुंगायची. पुढे आई, मागे चिमी. तुरुतुरु, तुरुतुरु!

एकदा काय झालं, स्वयंपाकघरात केशरमावशीनं ओटा पुसला. सर्रर्र! वास गेला. वाट गेली. आई गेली पुढे, चिमी राहिली मागे. समोर भिंतीत शंभर बिळं. आई कुठल्या बिळात? चिमीला फार फार रडू आलं.

पहिल्या बिळाशी मुंगळेदादा उभा.

"मुंगळेदादा, मुंगळेदादा, माझी आई शोध ना!"

"शंभर बिळं कोण शोधणार गं? गूळ खाली पडू दे. सगळ्या मुंग्या धावत येतील. त्यांत तुझी आईपण येईल."

तुरुतुरु, तुरुतुरु! गूळ बसला होता डब्यावर.

"गुळोबा, गुळोबा, पड ना! गूळ पडत नाही, आई काही येत नाही."

"मी नाही पडत जा! डबा हलला तर पडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु!

"डबोबा, डबोबा, हल ना! डबा हलत नाही, गूळ पडत नाही, आई काही येत नाही."

"मी नाही हलत जा! मनी उठली तर हलेन."

मनीमाऊ डब्याला टेकून झोपलेली.

"मनीताई, मनीताई, ऊठ ना! मनी उठत नाही, डबा हलत नाही, गूळ पडत नाही, आई काही येत नाही."

"मी नाही उठत जा! उंदीर पळाला तर उठेन."

उंदीर पोत्यामागे लपलेला.

"उंदीरमामा, उंदीरमामा, पळ ना! उंदीर पळत नाही, मनी उठत नाही, डबा हलत नाही, गूळ पडत नाही, आई काही येत नाही."

"मी नाही पळत जा! कुणी चावलं तर पळेन."

"एवढंच ना?" चिमीनं डोळे पुसले. आणि उंदराच्या शेपटीला चावली. कडाक्!

मग काय! उंदीर पळाला, सुळ्ळकन! मनी उठली, धप्पकन! डबा हलला, खडखड! गूळ पडला, टप्पकन!

शंभर बिळांतून मुंग्या आल्या. रांगच रांग! चिमी गुळावर उभी. पण तिनं गूळ चाटला नाही, हं. आधी आई!

एक मुंगी आली. मिशीला मिशी लावली.

"तू माझी आई?"

"नाही गं बाळा."

दुसरी आली. मिशीला मिशी लावली.

"तू माझी आई?"

"नाही गं बाळा."

रांग सरत आली.

सगळ्यांत शेवटी एक मुंगी आली. दमलेली, धापा टाकत. मिशीला मिशी लावली. तोच वास!

"आई!"

"चिमे! कुठं होतीस गं? नव्याण्णव बिळं शोधली मी!"

"मी तर इथंच होते. तुला बोलावत होते."

आईनं गूळ चाटला. चिमीनं गूळ चाटला. सगळ्या मुंग्यांनी गूळ चाटला. गूळ संपला, गोष्टही संपली. दोघी घरी निघाल्या. पण बघा हं, आता पुढे चिमी, मागे आई. तुरुतुरु, तुरुतुरु!