उघडा तळहात

"त्यालेच काहून देल्ला, उस्ताद?"

गोमाजी उस्ताद अंगणात बाजेवर बसून सुपात तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोनाले काय देल्लं?"

शालिकला हा प्रश्न झोंबला. आठ दिवस अख्ख्या कोळसा खाणीत दुसरा विषय नव्हता, आणि उस्तादांना म्हणे पत्ताच नाही. तरी त्यानं सगळं सांगितलं. खाणीत यंत्राचा पोशाख आला होता. हातापायांना लोखंडी पट्ट्या, सांध्यासांध्याला मोटर, पाठीवर बॅटरी. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, कामगारांनी त्याचा सांगाडा करून टाकला. सांगाडा घातला की कोणीही क्विंटलभराचा दगड उचलतो. जिथं छत कोसळलंय, जिथं माणूस पाठवणं धोक्याचं, तिथं सांगाडा घातलेला माणूस एकटाच आत जाणार आणि वाट मोकळी करणार.

आणि त्यासाठी निवडला कोण, तर वासुदेव. पोत्याला हात लावला की धापा टाकणारा वासुदेव. अंगानं लहान माणूस लागतो, म्हणे. बचाव पथकात बावीस वर्षं जखमी माणसं खांद्यावर टाकून वर आणली ती शालिकनं, आणि आता आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला. लोक वासुदेवबरोबर फोटो काढून घेत होते. शालिकच्या मुलीनंही काढला, त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. हेवा म्हणावा तर हेवाच होता, आणि आज तो लपवायलाही शालिक तयार नव्हता.

"मॅनेजरसाहेब तुमचं ऐकते, उस्ताद. माह्यासाठी एक शबद टाका."

उस्तादांनी आणखी दोन शेंगा सोलल्या.

"तू घालून पाह्यला?"

"पंधरा मिनिटं. खांद्यावर तंग झाला थोडा. पन उस्ताद... दगड हाय का उशी, समजेच ना."

"अन् छत?"

गोमाजी उस्ताद तीस वर्षं खाणीत सरदार होते. आधी छत तपासायचं आणि मगच माणसं आत सोडायची, हे सरदाराचं काम. उजव्या हातातल्या दांड्यानं छत ठोकायचं आणि डावा तळहात उघडाच छताला टेकवायचा. छत पक्कं असलं तर खणखणीत वाजतं. आतून सुटलेलं, पोकळ असलं तर बद्द वाजतं आणि तळहाताखाली जरासं थरथरतं. असं झालं की उस्ताद कारणं सांगत बसत नसत. 'मानसं बाहेर काढ', एवढा एक हुकूम सुटे आणि बोगदा रिकामा होई. ही विद्या त्यांनी दोघांनाच दिली होती, शालिकला आणि वासुदेवला.

"सांगाड्यात छत लागते हाताले?"

"नाही." शालिक खाली पाहत म्हणाला. "पंजा लोखंडाचा हाय. मोटर कानापाशी गुणगुणते, अन् सारं आंगच थरथरते... छताचं काईच समजत नाही."

"वासुदेवले मालूम हाय?"

"त्यानं वरतीच चालवला, मैदानात. तिथं कुठचं छत?"

"तू सांगतलं त्याले?"

"त्यानं इचारलं नाही."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. तीन दिवस तो ही गोष्ट पोटात घेऊन हिंडत होता. वासुदेव आत गेला की गांगरेल, साहेबांपुढे फजिती होईल, सांगाडा त्याच्या अंगावरून उतरवतील, एवढंच त्यानं मनात आणलं होतं. त्याच्या पुढचं मनात येऊ दिलं नव्हतं. साहेबांसमोर वासुदेव मागे फिरणार नाही, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं.

"उतरते कदी तो?"

"आज. दोनच्या पाळीले."

उस्तादांनी सूप बाजूला ठेवलं. एक वाजून गेला होता. भिंतीला टेकवून ठेवलेला आपला जुना दांडा त्यांनी उचलला आणि ते शालिकसमोर येऊन उभे राहिले. गुडघे दुखत होते, तरी ताठ उभे राहिले. डावा तळहात त्यांनी शालिकच्या रुंद छातीवर टेकवला आणि त्याच्या शेजारी दांड्याच्या टोकानं हलकेच ठोकलं. एकदा. दोनदा.

डोळे मिटून ते ऐकत राहिले...

शालिकला तो हात सोसवेना.

"काय आवाज आला, उस्ताद?"

"छत पोकळ हाय. मानसं बाहेर काढ."