आधी तू खा

"सांगा अंबूआई, गरिबाच्या पोरीनं चांगल्या कॉलेजात जाऊच नये का?"

वैजूचा आवाज चढला होता. मठाच्या ओसरीवर तिची आई पारूबाई मान खाली घालून बसली होती. गळ्यातलं डोरलं काढून तिनं पदराच्या गाठीत बांधलं होतं. उद्या ते मोडायचं आणि लेकीची फी भरायची.

मठातल्या म्हाताऱ्या अंबूआई वाती वळत राहिल्या.

"सरकारी आयटीआयचं छप्पर गळतं," वैजू म्हणाली. "फी कमी, म्हणून आम्ही तिथंच कुढत बसायचं? आणि काचेच्या इमारती पैसेवाल्यांच्या?"

"तिथून बाहेर पडलेल्या पोरी काय करतात गं?" अंबूआईंनी विचारलं.

"आयटीआयतून? लागतात कामाला. आमच्या शेजारची कुंदा इलेक्ट्रिशियन झाली, सबस्टेशनला लागली. पण..."

"आणि काचेच्या इमारतीतून?"

"ते ह्यांना विचारा."

हे म्हणजे उमाकांत. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात त्या काचेच्या कॉलेजचं ओळखपत्र. गावोगाव फिरून तो कॉलेजसाठी मुलं गोळा करायचा. आज अंबूआईंचा आशीर्वाद मिळाला, की पारूबाईचं मन घट्ट होईल, म्हणून तोच दोघींना इथं घेऊन आला होता.

त्यानं पेढ्यांचा पुडा आईंच्या पुढं ठेवला. शेजारी गुळगुळीत माहितीपत्रक.

"शंभर टक्के नोकरी, आई. पोरीचं सोनं होईल."

या मठाची एक रीत होती. कुणी काही आणलं, की आणणाऱ्यानं ते आधी स्वतः खायचं. मग इतरांनी.

"आधी तू खा," आई म्हणाल्या.

उमाकांतनं हसत पेढा तोंडात टाकला. "घ्या! विषबिष नाही घातलेलं."

आईंनी माहितीपत्रक उचलून त्याच्या हातात दिलं.

"आता हे."

"हे काय खायचं असतं, आई?"

"शिकलास कुठं?"

"तिथंच. फर्स्ट क्लास आहे माझा."

"मग नोकरी?"

"आहे की."

"कोणती?"

त्यानं गळ्यातलं ओळखपत्र चाचपलं.

"कोणती रे?"

"हीच."



"पगार?"

"जेवढी पोरं आणीन, तेवढा."

"तुझ्या फीपायी घरातलं काय गेलं?"

"म्हैस. मग... आईच्या पाटल्या." पारूबाईच्या पदराकडं त्यानं पाहिलं नाही.

वैजू ताडकन उठली. "आणि माझ्या आईला म्हणालात, मावशी, काळजी करू नका! लाज नाही वाटली?"

"वाटते. पण मलाही पोट आहे..."

अंबूआईंनी पुडा उचलला आणि अंगणात भिरकावला. पेढे धुळीत गडगडले.

"आई, अन्न आहे ते!" पारूबाई कळवळली.

"त्याच्या आईच्या पाटल्या आहेत त्या!" आईंचा आवाज थरथरत होता. असा आवाज मठानं कधी ऐकला नव्हता. "पोरांनीच पोरं गिळायची, आणि वर काच चमकायची... पारू, डोरलं घाल गळ्यात. आत्ता. माझ्यासमोर."

पारूबाईनं पदर पुढं केला. वैजूनं गाठ सोडून दिली.

"पण आई," ती हळूच म्हणाली, "छप्पर खरंच गळतं हो तिथलं."

"गळतं छप्पर शाकारता येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू आयटीआयच्या प्रवेशाच्या रांगेत उभी होती. तिच्या मागं उमाकांत उभा होता. त्याच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं.