चाखणीचा दगड

पाणलाईच्या देवळापुढे, चुलीच्या बाजूला हा जो चपटा काळा दगड दिसतो ना, त्याच्यावर पाय देऊ नका, कडेने या. त्याला चाखणीचा दगड म्हणतात. दुसऱ्या कुठल्या देवळात नैवेद्याची खीर देवाच्या आधी तोंडात घातलीत, तर दंडाला धरून बाहेर काढतील. आमच्या खाजणवाडीत उलटं आहे. नव्याच्या पुनवेला जिने खीर रांधली, तिने या दगडावर उभं राहून, गावासमोर ती आधी चाखायची. न चाखलेली खीर आमची देवी घेत नाही. असं का, ते ऐका. टेका जरा.

फार जुनी गोष्ट. तेव्हा देवळावर गवताचं छप्पर होतं म्हणे. खीर रांधायचा मान द्वारकीचा. तिच्या हाताला अशी चव की खाडीपलीकडची माणसं होडी करून पुनवेला यायची. पाणी आणायचा मान येसूचा. येसूचा नवरा दर्यावर गेला तो परतला नव्हता, पण गेला असं सांगायलाही कुणी आलं नव्हतं, म्हणून तिचं कुंकू राहिलं होतं आणि मानही राहिला होता. देवीला खालच्या विहिरीचं पाणी चालत नाही. येसू अनवाणी डोंगर चढून वरच्या झऱ्याच्या सात घागरी आणायची. गावात तिला मान म्हणून होता तो हाच.

त्या साली भात उशिरा पिकलं. घरोघरच्या कणग्या भाद्रपदातच रिकाम्या झालेल्या. माणसं कुळथाच्या पिठल्यावर आणि रानातल्या कंदांवर दिवस काढत होती. शेतात नवं भात कापून पडलेलं, पण देवीला दाखवल्याशिवाय त्यातला दाणा तोंडात घालायचा नाही, ही रीत. म्हणून पुनवेच्या सकाळी पोरंबाळं केळीची पानं मांडीवर घेऊन आधीच अंगणात येऊन बसली होती.

सहा घागरी देवीच्या स्नानाला, भांड्यांना आणि तांदूळ धुण्यात गेल्या. खीर शिजवायची सातवी, सगळ्यांत मोठी, ती या दगडावर ठेवली होती. चूल पेटवून वळताना द्वारकीचा पाय तिला लागला. घागर कलंडली. सगळं पाणी मातीत.

तेव्हाच तिने तोंड उघडलं असतं तर येसू पुन्हा डोंगर चढली असती, पोरं थोडी कुरकुरली असती, झालं. पण द्वारकीला लाज वाटली. इतक्या पुनवा रांधलेली बाई, आणि देवीचं पाणी पायाने सांडते? तिने इकडेतिकडे पाहिलं, घागर कमरेवर घेतली आणि खालच्या विहिरीवरून भरून आणली. एरवी ते पाणी बरं असतं. पुनवेच्या उधाणाला मात्र खाडी विहिरीत शिरते. हे गावात कुणाला ठाऊक नाही? तिलाही ठाऊक होतं. घाईत आठवलं नाही.

तांदूळ रटरटला, गूळ पडला, नारळाचं दूध पडलं, आणि दूध फाटल्यासारखं दिसू लागलं. द्वारकी तपेल्यावर वाकली. धुराने डोळे चुरचुरले असं दाखवत तिने पदर तोंडाशी नेला आणि पदराआड खिरीचं बोट चाखलं. खारट.

आता बोलायची सोय उरली नाही. खारट आहे म्हणावं, तर तुला कसं कळलं, हे पहिलं विचारणार. देवीचं अन्न उष्टं केलं, हे सांगावं लागणार. तिने आणखी गूळ ढकलला आणि गप्प राहिली.

नैवेद्य झाला. देवळाची पूजा करणाऱ्या राघो गुरवाने पहिली वाटी तोंडाला लावली आणि हळूच खाली ठेवली. मोठ्यांनी पानं सारली. पोरं मात्र भुकेली. ती तोंडं वाकडी करत तशीच खात राहिली. ते द्वारकीला बघवेना, असं सांगतात.

"येसू, पाणी कुठलं आणलंस?" राघोने विचारलं.

"वरचंच."

"मग हे असं कसं?"

"मला काय ठाऊक, भावजी. मी वरचंच आणलंय."

मागून कुणी बाई म्हणाली, "सात खेपा म्हणजे दमणारच हो ती. खालची विहीर काय, वाटेतच आहे." दोघीतिघी हसल्या.

येसूने द्वारकीकडे पाहिलं. घागरी तिच्या डोक्यावरून द्वारकीनेच उतरवून घेतल्या होत्या, 'किती गार गं झऱ्याचं पाणी' असं म्हणालीसुद्धा होती. द्वारकी तपेल्याची कड खरवडत राहिली. येसूचा मान त्याच दिवशी गेला.

आणि द्वारकीच्या तोंडातला खारटपणा काही जाईना. ऊस खाल्ला, खारट. मध चाटला, खारट. घरच्यांनी पाले उगाळून दिले. कसला आजार आहे, ते तिला ठाऊक होतं. वाटेवर येसूची घागर दिसली की ती बांधाआड व्हायची. येसू मात्र वर्षभर झऱ्याचंच पाणी प्यायली म्हणे. खालच्या विहिरीला शिवली नाही.

दुसऱ्या साली पुनवेला पाणी दुसरीने आणलं. खीर शिजली, हळदीच्या पानाचा वास सुटला. येसू अंगणाबाहेर फणसाखाली उभी होती. राघो नैवेद्य न्यायला आला, तशी द्वारकी पळीभर खीर घेऊन या दगडावर चढली आणि सगळ्यांच्या देखत ती तोंडात घातली.

"मी चाखली," ती म्हणाली. "गेल्या सालीही चाखली होती. येसूचं पाणी माझ्या पायाने सांडलं. खालचं पाणी मी आणलं. खारट आहे ते तुमच्या आधी मला कळलं होतं."

तिची मान इतकी खाली गेली होती की शेवटचं बोलणं दगडालाच ऐकू गेलं, असं म्हणतात. मागच्या साली हसलेल्या बाया पायाच्या नखाने माती उकरत बसल्या.

येसू फणसाखालून आली. "कशी झालीय?"

"मला काय विचारतेस? मला सगळं खारटच लागतं. तू सांग."

येसूने तिच्या हातातली तीच उष्टी पळी घेतली, खीर चाखली. जिभेवर घोळवली. मग म्हणाली, "गूळ कमी आहे."

बास. माफ केलं म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. द्वारकीने गुळाचा खडा उचलला आणि तपेल्यात सोडला.

राघोला धडकी भरली. दोघींची उष्टी खीर देवीला दाखवायची कशी? त्याने कौल लावला, तर देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल टपकन खाली आलं. उजवा कौल. देवीने ती खीर घेतली.

आजही नव्याच्या पुनवेला सातवी घागर रांधणारी स्वतः डोंगरावरून आणते. या दगडावर उभं राहून ती खीर चाखते आणि 'मी चाखली' म्हणते. मग येसूच्या कुळातली बाई चाखते, आणि ती बोलेपर्यंत रांधणारीने मान वर करायची नाही. द्वारकीच्या तोंडाला पुढे गोड लागलं की नाही, ते कुणी सांगत नाही. आमच्या घरातही नाही, आणि आम्ही तिच्याच घरचे. गेल्या पुनवेला खीर अशी गोड झाली होती की ओठाला ओठ चिकटावा. येसूकडच्या बाईने चाखली, जिभेवर घोळवली आणि म्हणाली, गूळ कमी आहे. आमच्या सुनेने मान खाली ठेवूनच खडा टाकला.